रेस्पिरेटरी थेरपी प्रवेशाचा ऑनलाइन कोर्स: कागदपत्रांत अव्वल, गणितात काठावर पास

निकाल आधीच सांगून टाकते. रेस्पिरेटरी थेरपीच्या, म्हणजे श्वासाचा त्रास असलेल्या रुग्णांना ऑक्सिजन, व्हेंटिलेटर वगैरेंनी सांभाळण्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी कोणती कागदं, कोणत्या लसी, कोणती सर्टिफिकेटं कधीपर्यंत हवीत याचा ज्यांना गोंधळ आहे, त्यांनी हा कोर्स बिनधास्त घ्यावा. मुलाखतीसाठी किंवा शास्त्र-गणिताच्या तयारीसाठी घेणार असाल तर थांबा, खाली वाचा आणि मग ठरवा.

कोर्स घेतला माझ्या भाचीने. मी स्वतः या कामात बरीच वर्षं आहे. आयसीयूत व्हेंटिलेटरशेजारी उभं राहून काम केलंय आणि प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवरही बसलेय. म्हणून तिच्या मागे लागून अख्खा कोर्स तिच्या शेजारी बसून पाहिला. ‘मावशी, तू प्रत्येक व्हिडिओ थांबवून बोलतेस,’ अशी तिची तक्रार होती आणि ती रास्त होती. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. याच साच्याचे आणखी बरेच कोर्स बाजारात आहेत, आणि मी जे लिहितेय ते त्यांतल्या बहुतेकांना लागू पडेल.

सगळ्यात चांगला भाग म्हणजे कॅलेंडर. तुम्ही प्रवेशाची शेवटची तारीख भरायची, की ते उलटं मोजत येतं आणि कोणतं काम कधी सुरू करायचं ते दाखवतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण अनेक अर्ज इथेच अडकतात. हिपॅटायटिस बी घ्या. नेहमीच्या पद्धतीत तीन डोस: पहिला, मग एका महिन्याने दुसरा, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या अँटिबॉडी तपासायच्या, आणि आकडा १० किंवा त्याहून जास्त यायला हवा. म्हणजे शून्यापासून सुरुवात केली तर सात-आठ महिने गेलेच. काही ठिकाणी ‘डोस चालू आहेत’ असं पत्र चालतं, काही ठिकाणी नाही. अर्ज भरायला बसल्यावर हे कळलं तर हात चोळत बसण्यापलीकडे काही उरत नाही.

क्षयाच्या चाचणीचं तर त्यांनी इतकं बारीक केलंय की मी खूश झाले. हातावर टोचून करायची ती त्वचाचाचणी ४८ ते ७२ तासांच्या आत वाचून घ्यावी लागते, आणि वाचायची ती प्रशिक्षित माणसाने. शनिवार-रविवारी बंद असणाऱ्या दवाखान्यात गुरुवारी टोचून घेतली की संपलं. वाचायची वेळ नेमकी सुट्टीत येते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कॅलेंडरमध्ये गुरुवार निवडला तर ते तांबड्या रंगात अडवतं! शिवाय गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ही चाचणी यांचा मेळ कसा घालायचा हेही त्यांनी सांगितलंय. दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर लस घेतल्यावर किमान चार आठवडे थांबा, कारण जिवंत लसीमुळे चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचाचाचणी उलट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची चाचणी चालते का ते आधी विचारून घ्या, ही सूचनाही आहे. हे सगळं लिहिणारा माणूस कधीतरी एखाद्या कॉलेजच्या ऑफिसात टेबलामागे बसलेला असणार, पैज लावते.

सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याच्या सर्टिफिकेटचंही तसंच. साध्या प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट चालत नाही, आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी असतं ते बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) लागतं, आणि नुसता व्हिडिओ बघून घरबसल्या मिळवलेला कागद बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. पुतळ्यावर प्रत्यक्ष हात चालवून दाखवावा लागतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. बीएलएसची मुदत साधारण दोन वर्षांची असते. ती अभ्यासक्रमाच्या मध्येच संपत असेल तर कॅलेंडर आधी बजावतं. जुन्या विषयांचंही भान ठेवलंय. अनेक संस्था पाच-सात वर्षांपूर्वी शिकलेलं शरीरशास्त्र किंवा रसायनशास्त्र धरत नाहीत, पुन्हा करायला लावतात. मधे दुसरी नोकरी करून या क्षेत्राकडे वळणाऱ्यांना हा धक्का हमखास बसतो.

एन-९५ मास्कच्या फिट टेस्टवर मात्र एक ओळ आणि पुढे. ही चाचणी सहसा प्रवेशानंतर, वॉर्डात पाठवण्याआधी होते, म्हणून सोडली असेल. पण त्यात काय होतं ते आधी माहीत असलेलं बरं. मास्क चढवायचा, वरून डोक्यावर पारदर्शक टोप, आणि त्या टोपात सॅकरिनचा गोड फवारा. मग मान डावी-उजवीकडे, वर-खाली, कमरेत वाका, मोठ्याने परिच्छेद वाचा. जिभेला गोड लागलं की मास्क गळतोय. दाढी असेल तर चाचणीलाच उभं करत नाहीत. मोठ्या हौशीने राखलेली दाढी उतरवायची की नाही यावर घासाघीस करणारे विद्यार्थी मी पाहिलेत. नियम त्यांच्यापुढे कधी वाकलेला पाहिला नाही.

आता विज्ञान आणि गणित. इथे माझं डोकं तापलं.

प्रवेशासाठी शरीररचना आणि शरीरक्रिया, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, गणित हे विषय बहुतेक संस्था मागतात, काही भौतिकशास्त्रही. कोर्स प्रत्येकाची उजळणी घेतो, पण का मागतात हे एकदाही सांगत नाही. भाचीने प्रश्नांच्या चौकटीत लिहिलं होतं, इतकं रसायनशास्त्र कशाला? उत्तर आलं, ‘वैद्यकीय क्षेत्रासाठी आवश्यक.’ अरे, पण कशासाठी? रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट हातात आल्यावर पीएच ७.३५ ते ७.४५ च्या बाहेर का गेलाय, दोष फुप्फुसाचा की मूत्रपिंडाचा, कार्बन डायऑक्साइड चढला की बायकार्बोनेट उतरलं, हे तुम्हाला पलंगाशेजारी उभं राहून ओळखायचं असतं. सूक्ष्मजीवशास्त्र यासाठी की व्हेंटिलेटरच्या नळीत साठलेलं पाणी निष्काळजीपणे रुग्णाच्या बाजूला वळवलं तर जंतू थेट श्वासनलिकेत जातात. शरीररचना यासाठी की उजवी मुख्य श्वासनलिका डावीपेक्षा सरळ आणि रुंद असते, म्हणून ट्यूब जास्त आत गेली की ती सहसा उजवीकडेच शिरते आणि डाव्या बाजूला हवा जात नाही. कोर्समध्ये काय आहे? उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन, योग्य पर्याय निवडा. झालं.

गणिताने तर कहर केलाय. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, टाकी किती वेळात भरेल? हेच गणित शाळेत असताना मला रडवायचं, आणि अजून ते नळ चालूच आहेत. त्याऐवजी ऑक्सिजनचा सिलेंडर का नाही घेत? लहान, हातगाडीवर नेता येणारा ई आकाराचा सिलेंडर असतो. त्यातल्या दाबावरून लिटर काढायचा गुणक ०.२८. काट्यावर दाब १,००० पीएसआय दिसतोय. त्यातले २०० राखीव सोडायचे, उरले ८००. ८०० गुणिले ०.२८ म्हणजे २२४ लिटर. रुग्णाला मिनिटाला १० लिटर चालू आहे. म्हणजे हातात २२ मिनिटं. आता मला सांगा, स्कॅनला जायचं आहे, लिफ्टची वाट बघायची आहे, तिथे रांग असू शकते आणि परतही यायचं आहे. या सिलेंडरवर निघाल का? मी भाचीला हे घातलं तेव्हा तिने आधी २८ मिनिटं काढली, मग स्वतःच म्हणाली, राखीव धरायचे राहिले. दहा मिनिटांत तिला कळलं की हे गणित परीक्षेपुरतं नाही. टाकीच्या नळांनी ते कधीच कळलं नसतं.

दुसरं उदाहरण श्वासाच्या मापाचं. व्हेंटिलेटरवर किती हवा द्यायची ते रुग्णाच्या प्रत्यक्ष वजनावर ठरत नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरतं, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. स्त्रीसाठी सूत्र असं: ४५.५ अधिक ०.९१ गुणिले, उंचीतून १५२.४ वजा करून जे उरेल ते. १६५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं हे वजन येतं साधारण ५७ किलो. किलोमागे ६ मिलिलिटर धरले तर एका श्वासाला ३४२. तिचं खरं वजन ९५ असेल आणि कुणी तेच धरलं, तर ५७०. फरक बघा. फुप्फुसं गंभीर सुजलेल्या ८६१ रुग्णांवरची एक अमेरिकन चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्या गटात ३९.८ टक्के रुग्ण दगावले, ६ दिलेल्या गटात ३१ टक्के. हे सगळं प्रवेशाआधी कुणाला पाठ हवं असं मी म्हणत नाही. पण दशांश चिन्ह, टक्केवारी आणि सूत्रात आकडा भरणं यांचा सराव या गणितांनी का नाही करून घेत? तीच पातळी, तेवढीच मेहनत. नळाच्या टाकीतून नुसती चीड हाती लागते.

इतिहासाच्या व्हिडिओबद्दल मात्र तक्रार नाही. १९५२ सालची कोपनहेगनमधली पोलिओची साथ, श्वास बंद पडलेले रुग्ण, व्हेंटिलेटर जवळजवळ नाहीतच, आणि ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या कल्पनेवरून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आलटून पालटून बसून हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास देतायत. चांगलं सांगितलंय. भाचीने तो व्हिडिओ पुन्हा लावला, माझ्या मध्येमध्ये बोलण्याशिवाय.

प्रत्यक्ष कामाचं निरीक्षण, म्हणजे एखाद्या थेरपिस्टच्या मागे काही तास फिरणं, अनेक संस्था अर्जासोबत मागतात. कोर्स काय सांगतो? तास भरा, सही घ्या, फॉर्म अपलोड करा. सही महत्त्वाची आहेच. पण पॅनेलवर आम्ही विचारतो ते तास किती भरले हे नसतं, काय पाहिलंत हे असतं. इथे बरेच उमेदवार गडबडतात. मशिनबद्दल भरभरून बोलतात, स्क्रीनवर किती रेषा होत्या ते सांगतात. रुग्णाबद्दल विचारलं की गप्प.

भाचीला मी एकच सांगितलं होतं, सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, बघायला मिळालं तर मान फिरवू नकोस. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलेला रुग्ण, नळीत कफाचा घरघर आवाज, थेरपिस्ट बारीक कॅथेटर आत घालते, रुग्णाला खोकल्याची उबळ, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी, मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९७ वरून ९१ वर येतो. कॅथेटर बाहेर, डब्यात पिवळट घट्ट कफ, आणि आकडा हळूहळू वर. सगळं पंधरा सेकंदांच्या आतबाहेरचं. हे बघून मळमळलं तर त्यात लाजायचं काही नाही, पण प्रवेश घेण्याआधी मळमळलेलं बरं. ती परत आली आणि म्हणाली, थेरपिस्टने कॅथेटर घालायच्या आधी रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि काय करणार ते सांगितलं, तो बोलू शकत नव्हता तरी. मुलाखतीत हेच सांग, म्हटलं.

मुलाखतीचं मॉड्यूल टाळाच. त्यात ‘आदर्श उत्तरं’ दिली आहेत आणि ती पाठ करायला सांगितली आहेत. ‘तुम्हाला हे क्षेत्र का निवडावंसं वाटलं?’ याचं उत्तर सुरू होतं ‘श्वास म्हणजे जीवन’ असं. हे वाक्य मी पॅनेलवर बसून इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या शब्दावरून पुढचे चार मला येतात. आता कळलं कुठून यायचं ते! एकाच सकाळी लागोपाठ उमेदवार तेच वाक्य, त्याच ठिकाणी थांबून म्हणतात, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळतो. उमेदवार वाईट नसतात, पण त्यांचं स्वतःचं काही ऐकायलाच मिळत नाही. ज्याचा दमा वर्षानुवर्षं शेजारच्या खोलीतून ऐकलाय असा भाऊ असेल तर तो सांगा. फार्मसीत काम करताना इनहेलर कसा वापरायचा हे विचारायला लोक पुन्हा पुन्हा येतात हे लक्षात आलं असेल तर ते सांगा.

शिवाय प्रसंग देऊन विचारतात त्याची तयारी यात शून्य. रुग्ण चिडलाय, मास्क ओढून काढतोय, नातेवाईक ओरडतायत, तुम्ही काय कराल? औषधाचं नाव सांगा अशी अपेक्षा कुणीच ठेवत नाही. आधी त्याला श्वास नीट मिळतोय का बघेन, मास्क घट्ट बसलाय का, तोंड कोरडं पडलंय का, भीती वाटतेय का ते विचारेन, आणि माझ्या आवाक्याबाहेर असेल तर लगेच वरिष्ठांना बोलावेन, एवढं शांतपणे म्हणणारा उमेदवार पुढे जातो. शेवटचा भाग तर फारच थोडे बोलतात. सगळं आपणच सोडवून दाखवायचं असं त्यांना वाटतं.

मुलाखतीचा सराव म्हणून कॅमेऱ्यासमोर उत्तर द्यायचं आणि यंत्राने गुण द्यायचे अशी सोय आहे. भाचीला ‘डोळ्यांचा संपर्क उत्तम’ असा शेरा मिळाला. ती त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होती.

शारीरिक क्षमतेचं पान म्हणजे नुसत्या चौकटी, सगळ्यांवर हो म्हणून टिक करत जायचं. बारा तासांची ड्यूटी, रात्रपाळी, खोलीबाहेरून अलार्मचा आवाज ओळखणं, लेटेक्सची ॲलर्जी. यातलं काही अडचणीचं असेल तर संस्थेला आधी विचारा, अनेकदा मार्ग निघतो. पोलीस पडताळणी आणि अमली पदार्थांच्या चाचणीवरचा भाग ठीक. व्हिडिओंखालच्या मजकुरात अक्षरं चुकलीत, ‘प्लुरा’चं (फुप्फुसावरच्या आवरणाचं) ‘प्लुटो’ झालंय, ते सोडून द्या.

सोडून देता येणार नाही अशी एक गोष्ट आहे. कोर्ससोबत संस्थांची यादी मिळते, आणि त्या यादीत मान्यतेचा रकानाच नाही. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक बदलतात, पण अभ्यासक्रमाला मान्यता नसेल तर पुढे परवाना परीक्षेच्या दारातच अडवतात. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे सीओएआरसी अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि एनबीआरसी परीक्षा घेते. मान्यता नसलेल्या वर्गात कितीही चांगलं शिकलात तरी एनबीआरसीच्या परीक्षेला बसता येत नाही. प्रत्येक देशात ही व्यवस्था वेगळी, पण अर्ज करण्याआधी विचारायचे प्रश्न तेच: मान्यता कुणाची, ती आज चालू आहे की संपलीय की अटींवर टांगलेली आहे, आणि इथून बाहेर पडल्यावर मी कोणत्या परीक्षेला बसू शकते. मान्यता देणाऱ्या संस्था आपल्या याद्या सहसा स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, मूळ यादी उघडा.

मी त्यांच्या मदत-विभागाला याबद्दल लिहिलं. उत्तर आलं की यादीतल्या सर्व संस्था नामवंत आहेत, आणि सोबत मुलाखत मॉड्यूलवर सवलतीचं कूपन. मग भाचीला बसवलं, एकेक नाव मूळ यादीत शोधायला लावलं. काही नावं तिने खोडली, त्यांत तिची पहिली पसंतीही होती.